बोल्ट-रायफल, हरणांच्या शिकारीची

बोल्ट-रायफल, हरणांच्या शिकारीची : हाताने मागेपुढे सरकविता येणाऱ्या दंडगोलाकार पोलादी बोल्टने नळीचे मागील तोंड बंद करणारी आणि प्रत्येक गोळी झाडल्यावर त्याच बोल्टच्या साहाय्याने पुन्हा भरली जाणारी रायफल. उत्तर अमेरिका व यूरोप येथे हरणांच्या परवानाधारक शिकारीसाठी हा रायफलीचा प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. रचना साधी व बळकट, नेम अचूक आणि किंमत तुलनेने माफक असल्यामुळे नवशिक्याची पहिली रायफल बहुधा याच प्रकारची असते. ती निवडताना दोन प्रश्न एकदम उपस्थित होतात : रायफलीची घडण कशी असावी आणि तिचे कॅलिबर, म्हणजे नळीच्या पोकळीचे व गोळीचे व्यासमान, कोणते असावे. अधिक शक्तिमान काडतूस ते अधिक चांगले, असा समज नवशिक्यांत आढळतो. तथापि हरणाच्या शिकारीत पहिलीच गोळी मर्मस्थानी लागून जनावरास अल्पावधीत व कमीत कमी यातनांनी मरण येणे, हा खरा निकष होय. रायफल व कॅलिबर यांची निवड या निकषावरच पारखावी लागते.

पार्श्वभूमी : प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारलेली योहान निकोलाउस फोन ड्रायझे यांची सुईची बंदूक ही बोल्ट-पद्धतीची पहिली महत्त्वाची लष्करी बंदूक होय. बिनधुराची दारू १८८० नंतरच्या दशकात प्रचारात आल्यावर काडतुसातील दाब पुष्कळ वाढला व तो सहन करू शकणाऱ्या यंत्रणेची गरज भासू लागली. जर्मन शस्त्रकार पाउल मौझर यांच्या १८९८ च्या रायफलीने ही गरज इतक्या समाधानकारक रीतीने भागविली, की आजच्या शिकारी रायफलींपैकी बहुतेकींवर तिची छाप दिसते. पहिल्या महायुद्धात बोल्ट-रायफली हाताळलेले अमेरिकी सैनिक घरी परतल्यानंतर तेथील शिकाऱ्यांमध्येही ही पद्धत रूढ झाली. तोपर्यंत तेथे तरफेने भरावयाच्या रायफलींचे प्राबल्य होते. विंचेस्टर ७० (१९३६), सॅव्हेज ११० (१९५८) व रेमिंग्टन ७०० (१९६२) ही नमुनेदार अमेरिकी उदाहरणे असून फिनलंडमधील टिक्का टी-३ (२००३) हे अलीकडील यूरोपीय उदाहरण आहे.

यंत्रणा : बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली, की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. बोल्ट पुढे ढकलला, की पेटीतील पुढचे काडतूस नळीच्या कक्षात शिरते. मूठ खाली वळविली, की बोल्टच्या टोकाजवळील दाते खोबणींत अडकून नळी मागून पक्की बंद होते. याच हालचालींत आघातपिनेची स्प्रिंग ताणली जाते. काही रायफलींत मौझरच्या मूळ पद्धतीप्रमाणे काडतूस पेटीतून सुटताच बोल्टवरील रुंद आकड्याच्या पकडीत येते; इतरांत ते केवळ पुढे ढकलले जाते व कक्षात बसल्यानंतर आकडा त्यास धरतो. पहिली पद्धत धोकादायक श्वापदांच्या शिकारीत अधिक भरवशाची मानली जाते. हरणाच्या शिकारीत मात्र दोन्ही पद्धती सारख्याच उपयुक्त ठरतात.

मर्मस्थान व मारकता : उत्तर अमेरिकेत सर्वाधिक शिकार होणारे पांढऱ्या शेपटीचे हरिण (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) आकाराने मध्यम असते. त्याचे हृदय व फुप्फुसे पुढील पायाच्या वर व किंचित मागे असून शिकाऱ्याच्या दृष्टीने तेथील लक्ष्य सु. २० सेंमी. व्यासाच्या वर्तुळाएवढे असते. या वर्तुळात फुगणारी गोळी लागली, की रक्तस्राव होऊन व फुप्फुसे निकामी होऊन हरिण काही सेकंदांत कोसळते. मात्र तेवढ्या वेळातही ते ५० ते १०० मी. धावू शकते. गोळी मागे पोटात लागल्यास हरिण तासन्‌तास जिवंत राहते, दाट झाडीत शिरते आणि पुष्कळदा सापडत नाही. अशा जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातना संपविणे, हे शिकाऱ्याचे बंधनकारक कर्तव्य मानले जाते. पोटात लागलेली गोळी कितीही शक्तिमान असली, तरी ती हृदयात लागलेल्या मध्यम गोळीची बरोबरी करू शकत नाही.

लक्ष्यापाशी गोळीची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड (सु. १,३५० ज्यूल) असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. तो सोयीचा असला, तरी शरीरशास्त्रीय नियम नव्हे. गोळी कोठे लागते, शरीरात ती किती खोल जाते व किती फुगते, यांवर परिणाम अवलंबून असतो.

कायदेशीर मर्यादा : कॅलिबरची निवड प्रथम कायद्याच्या चौकटीत करावी लागते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिणविषयक अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे ०.२४० इंचापेक्षा कमी कॅलिबरची किंवा नळीमुखाशी २,३०५ ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा देणारी रायफल हरणांसाठी वापरता येत नाही आणि गोळी मऊ अथवा पोकळ टोकाची असावी लागते. मुंटजॅक व चिनी जलहरिण या लहान जातींपुरती ही मर्यादा शिथिल केलेली आहे. जर्मनीत रो हरणासाठी १०० मी. अंतरावर किमान १,००० ज्यूल ऊर्जा आवश्यक असते, तर तांबड्या हरणासारख्या मोठ्या खुरी प्राण्यांसाठी किमान ६.५ मिमी. कॅलिबर व त्याच अंतरावर २,००० ज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे .२४३ विंचेस्टर हे काडतूस इंग्लंडमध्ये तांबड्या हरणास चालते. जर्मनीत मात्र ते केवळ रो हरणापुरते मर्यादित राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. कोलोरॅडोत किमान ०.२४ इंच कॅलिबर आवश्यक आहे. उलट मध्यपश्चिमेकडील सपाट व दाट वस्तीच्या काही प्रदेशांत गोळी दूरवर जाण्याचा धोका लक्षात घेऊन निमुळत्या मानेच्या काडतुसांच्या रायफलींना हरणांच्या शिकारीत मनाई केली गेली आहे. अशा प्रदेशातील नवशिक्याने प्रचलित काडतुसाची रायफल विकत घेतल्यास ती तेथे निरुपयोगी ठरते.

काडतुसे : काडतुसाचे नाव हे त्याचे काटेकोर माप नसते. उदा., .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास ०.२७७ इंच असतो; .३०-०६ स्प्रिंगफील्ड या नावातील ‘०६’ हा अंक १९०६ हे स्वीकृतीचे वर्ष दर्शवितो. ७ मिमी.-०८ मधील ‘०८’ हा .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीचा निदर्शक असून तीच पुंगळी मानेशी अरुंद करून हे काडतूस बनविण्यात आले. .२४३ विंचेस्टरही याच पुंगळीपासून निघाले. हरणांच्या शिकारीत प्रचलित असलेल्या काही काडतुसांची स्थूल माने पुढे दिली आहेत. प्रतिक्षेपाची ऊर्जा दुर्बिणीसह ३.६ किग्रॅ. वजनाची रायफल गृहीत धरून काढलेली आहे.

| काडतूस | वर्ष | गोळीचा व्यास (मिमी.) | गोळीचे वजन (ग्रॅ.) | नळीमुखाशी वेग (मी./से.) | ऊर्जा (ज्यूल) | प्रतिक्षेप (ज्यूल) |
|---|---|---|---|---|---|---|
| .२४३ विंचेस्टर | १९५५ | ६.२ | ६.५ | ९०० | २,६०० | १२ |
| ६.५ क्रीडमूर | २००७ | ६.७ | ९.१ | ८२० | ३,०५० | १६ |
| ७ मिमी.-०८ रेमिंग्टन | १९८० | ७.२ | ९.१ | ८६० | ३,३५० | १७ |
| .२७० विंचेस्टर | १९२५ | ७.० | ८.४ | ९३० | ३,६५० | २० |
| .३०८ विंचेस्टर | १९५२ | ७.८ | ९.७ | ८६० | ३,६०० | २० |
| .३०-०६ स्प्रिंगफील्ड | १९०६ | ७.८ | ९.७ | ८८५ | ३,८०० | २३ |
| .३०० विंचेस्टर मॅग्नम | १९६३ | ७.८ | ११.७ | ९०० | ४,७५० | ३६ |

कोष्टकावरून दिसून येते की, यांतील प्रत्येक काडतूस पांढऱ्या शेपटीच्या हरणास पुरेसे आहे. .२४३ पासून .३०० मॅग्नमपर्यंत ऊर्जा दुपटीहूनही कमी वाढते. प्रतिक्षेप मात्र तिपटीने वाढतो. वाढीव ऊर्जेचा उपयोग वापिटी किंवा मूस यांसारख्या अवजड प्राण्यांसाठी अथवा फार लांबच्या अंतरासाठी होतो. हरणाच्या बाबतीत तिचा विशेष लाभ होत नाही. दुसऱ्या बाजूस .२४३ ची गोळी हलकी असल्याने हरिण तिरपे उभे असताना किंवा खांद्याचे जाड हाड आड येत असताना चुकीला वाव कमी राहतो. म्हणून ते सौम्य धक्क्यामुळे लहान चणीच्या व्यक्तीस सोयीचे असले, तरी त्यासाठी गोळीची निवड काळजीपूर्वक करावी लागते व तिरपे नेम टाळावे लागतात. या दोन टोकांमधील ६.५ क्रीडमूर, ७ मिमी.-०८ व .३०८ ही काडतुसे पहिल्या रायफलीसाठी सर्वसाधारणपणे सुयोग्य ठरतात. पुढे हरणापेक्षा मोठ्या प्राण्याची शिकारही त्याच रायफलीने करावयाची असल्यास .३०-०६ चा विचार केला जातो, कारण त्यात हलक्या ते जड अशा अनेक वजनांच्या गोळ्या मिळतात. गावातील दुकानात जे काडतूस नेहमी व माफक किंमतीत उपलब्ध असते, त्यास प्राधान्य देणे हिताचे असते. दुर्मिळ काडतुसाने सराव खुंटतो.

प्रतिक्षेप : गोळी व दारूचे वायू पुढे जाताना रायफल मागे खांद्यावर आदळते, यास प्रतिक्षेप म्हणतात. धक्क्याच्या व आवाजाच्या अपेक्षेने नवशिका नकळत डोळे मिटतो, खांदा ताठ करतो व चापाला हिसका देतो. गोळी सुटण्यापूर्वीच नळी हलते आणि ही सवय जडल्यास ती मोडणे कठीण जाते. नळीची दिशा केवळ एक-दशांश अंशाने ढळली, तरी १०० मी. अंतरावर गोळी सु. १७ सेंमी. बाजूला पडते; ५६ सेंमी. लांबीच्या नळीचे टोक त्या वेळी जेमतेम १ मिमी. सरकलेले असते. मर्मस्थानाच्या वर्तुळाची त्रिज्या १० सेंमी. आहे हे ध्यानात घेता, एवढ्याशा हिसक्याने फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जाऊ शकतो. कॅलिबर निवडताना प्रतिक्षेपाला ऊर्जेपेक्षा अधिक महत्त्व का द्यावयाचे, याचे उत्तर या हिशोबात आहे. रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का तीव्र असतो. म्हणून डोंगराळ प्रदेशात वाहून नेण्यास सोयीची अतिहलकी रायफल नवशिक्यास त्रासदायक ठरते. दस्त्यामागील रबरी गादी व सरावाच्या वेळी कानांचे संरक्षण यांमुळे दचकण्याची प्रवृत्ती पुष्कळ कमी होते.

गोळी : शिकारी गोळीवर साधारणतः तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असून आत शिसे असते व टोक उघडे अथवा प्लॅस्टिकचे असते. शरीरात शिरताच ती फुगून रुंद होते व मोठी जखम करते. पूर्ण कवचाची लष्करी पद्धतीची गोळी न फुगता आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन निसटते; म्हणून शिकारीत ती वर्ज्य असते. कवचात मधोमध आडवी भिंत ठेवून गोळीचा मागील भाग शाबूत राखणारी रचना जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये बाजारात आणली. शिशाचे सूक्ष्म कण मांसात व जनावराच्या टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाणाऱ्या गिधाडांना व इतर पक्ष्यांना विषबाधा होते, असे आढळून आल्यावर संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेयुक्त गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती हवेत स्थिर राहावी यासाठी नळीतील सर्पिल खाचांचा पीळ पुरेसा जलद असावा लागतो.

रायफलीची घडण : दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा दुर्बिणीच्या रेषेत आला पाहिजे. चापापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंतचे अंतर प्रौढांसाठी सु. ३४ सेंमी. ठेवतात, लहान चणीच्या व्यक्तीस ते कमी लागते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता देखणा असतो. परंतु दमट हवेत तो फुगून नळीस टेकल्यास नेम बदलतो. कृत्रिम पदार्थाच्या दस्त्यात हा दोष नसतो. .३०८ व तिच्या वर्गातील काडतुसांना आखूड यंत्रणा पुरते, तर .२७० व .३०-०६ यांना लांब यंत्रणा लागते; वजनात व बोल्टच्या हालचालीत पडणारा हा फरक थोडाच असतो. ५६ सेंमी. लांबीची नळी बहुतेक कामांस योग्य असते. चाप सु. १.२ ते १.८ किग्रॅ. ताणाने व न अडखळता सुटावा. सुरक्षाखटका हातमोजे घालूनही सरकविता यावा आणि तो लावलेला असतानाच बोल्ट उघडून काडतूस काढता येण्याची सोय असल्यास उत्तम. डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूस मूठ असलेल्या रायफली मिळतात. आजच्या साध्या रायफलीही १०० मी. वर ३ ते ४ सेंमी. व्यासात गोळ्यांचा गट पाडतात. मर्मस्थानाच्या मानाने ही अचूकता विपुल असल्याने महागड्या रायफलीने हरणाच्या शिकारीत फारसे काही अधिक साधत नाही.

दुर्बीण व अंतर : रायफलीवर ३ ते ९ पट वर्धनाची दुर्बीण सर्वसाधारणपणे बसवितात. जंगलात जवळचे हरिण चटकन दृष्टीच्या टप्प्यात यावे म्हणून ती कमी वर्धनावर ठेवली जाते. धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळू नये यासाठी डोळा व मागील भिंग यांत सु. ९ सेंमी. अंतर राहिले पाहिजे. दुर्बीण धरणारी कडी सैल असल्यास उत्तम रायफलही भरवशाची राहत नाही.

गोळी सरळ रेषेत न जाता वक्र मार्गाने जाते. .३०८ चा नेम सु. १८० मी. वर जुळविल्यास ९० मी. वर गोळी सु. ५ सेंमी. वर व २७५ मी. वर सु. २० सेंमी. खाली लागते. म्हणजे जवळजवळ २२० मी. पर्यंत मर्मस्थानाच्या मध्यावर सरळ नेम धरणे पुरेसे असते. तथापि शिकाऱ्याची मर्यादा रायफलीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते. बाकावर रेतीच्या पिशवीचा आधार घेऊन साधलेला गट हा रायफलीचा गुण दाखवितो. गुडघ्यावर किंवा बसून, दम लागलेल्या स्थितीत, २० सेंमी. व्यासाच्या तबकडीत सर्व गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतात, ते त्या शिकाऱ्याचे खरे अंतर होय. नवशिक्याच्या बाबतीत ते बहुधा १०० ते १५० मी. पेक्षा अधिक नसते. म्हणून खर्चाचा अंदाज करताना रायफल, दुर्बीण व सरावाची काडतुसे या तिन्हींची तरतूद एकत्रित करणे इष्ट असते.

सुरक्षितता : हरणाच्या रायफलीची गोळी काही किमी. दूर जाऊनही प्राणघातक ठरू शकते. म्हणून लक्ष्यामागे मातीचा उंचवटा असल्याखेरीज ती झाडावयाची नसते; टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे हरिण सोडून द्यावे लागते. रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजणे, तिचे तोंड कोणाकडेही न वळविणे, जनावर पूर्ण ओळखू आल्यावाचून चापावर बोट न ठेवणे आणि नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस वापरणे, हे नियम सर्वत्र शिकविले जातात. अमेरिकेतील अनेक राज्यांत शिकारी प्रशिक्षण व भडक नारिंगी पोशाख सक्तीचा आहे.

भारतातील स्थिती : अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी अतोनात शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. नियंत्रित हंगाम, परवाने आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमानुसार रायफली व काडतुसे यांवरील करातून वन्यजीवांसाठी मिळणारा निधी यांमुळे ती पुन्हा कोटींच्या घरात गेली. भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर कडक निर्बंध घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची उरलेली वाटही बंद झाली. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा इ. हरणांची शिकार हा येथे गुन्हा आहे; मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या लेखी आदेशाने विशिष्ट परिस्थितीतच अपवाद केला जातो. रायफल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो.

भारतात एके काळी प्रचलित असलेल्या शिकारी रायफलींवर कायद्याचाच ठसा होता. .३०३ हे सैन्याचे काडतूस नागरिकांस निषिद्ध असल्याने ऑस्ट्रियन ८ मिमी. मानलिखर काडतुसावर आधारित .३१५ ही रायफल येथे रूढ झाली व पुढे इशापूर येथील शस्त्रनिर्माणीत तयार होऊ लागली. नरभक्षक वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी ही रायफल मौझरच्या ७ × ५७ मिमी. काडतुसाची होती. हे काडतूस मध्यम शक्तीचे व सौम्य धक्क्याचे असून आजच्या ७ मिमी.-०८ शी त्याचे बरेच साम्य आहे. भारतीय चितळ एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर व १९३० नंतरच्या दशकात टेक्सस राज्यात नेण्यात आले. तेथे ते परकीय प्राणी म्हणून वाढले असून, मायदेशात संरक्षित असलेल्या या हरणाची तेथे मात्र वर वर्णन केलेल्या रायफलींनी कायदेशीर शिकार होते.